बाबासाहेब आणि वंशाचा प्रश्न



शहाड स्थानकावर संध्याकाळच्या वेळी पाच मिनिटे उभे राहा. गाडी थांबते, माणसे उतरतात. कुणी सिंधीत बोलतो, कुणी भोजपुरीत, कुणी आगरी बोलीत, कुणी नगर-मराठवाड्याच्या मराठीत. पुलावरून उतरले की कुणी उल्हासनगरच्या कॅम्पाकडे वळतो, कुणी मोहन्याकडे, कुणी मुरबाड रस्त्याला लागतो. ही माणसे येथे का व कशी आली, हे थोडक्यात आठवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी बांधली गेली. १९४७ ची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना त्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. पुढे शहाडला रेयॉनचा कारखाना आला. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना होता, आगपेट्यांचा होता. कामाच्या शोधात कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आणि दक्षिणेतून माणसे आली. त्यांत गावकुसाबाहेरून आलेले आपले आईबापही होते.

अशा वस्तीत एक प्रश्न पदोपदी उभा राहतो. हे कोण, आणि आपण कोण? खोली भाड्याने देताना तो विचारला जातो, सोयरीक जुळवताना विचारला जातो, निवडणुकीत तर ढोल वाजवून विचारला जातो. या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर रक्ताचे असते. अमक्याचे रक्त वेगळे, तमक्याचा वंश वेगळा, म्हणून त्यांचा आणि आमचा मेळ नाही! आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर हे उत्तर केवळ सवर्णच देतात असे नाही. आपल्या सभांतूनही ते अधूनमधून टाळ्या घेऊन जाते.

म्हणून आज तुमच्यापुढे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र ठेवतो आहे. ते तुम्हाला ठाऊक आहे. दर चौदा एप्रिलला आपण ते ऐकतो. परंतु त्यातला एक धागा क्वचितच उलगडून दाखवला जातो. वंशाच्या कल्पनेने बाबासाहेबांना जन्मापासून गाठले होते, आणि आयुष्यभर ते तिच्याशी झुंजले. तो धागा हाती धरून हे चरित्र पुन्हा एकदा पाहू या.

लष्करी छावणीतला जन्म

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. महार समाजाच्या दृष्टीने फौज म्हणजे नुसती नोकरी नव्हती. गावकीची बेगार सुटण्याची, मुलांना अक्षर शिकवण्याची ती एकमेव वाट होती. रामजींसारखा सुभेदार घरात पुस्तके ठेवू शकला, मुलांना अभ्यासाला बसवू शकला, तो या वाटेमुळे.

पण बाळ भीम दीड-दोन वर्षांचा असेल नसेल, तोच ही वाट बंद झाली. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. कारण काय दिले? हिंदुस्थानात काही जमाती जन्मतःच लढाऊ आहेत आणि काही नाहीत, असा सिद्धांत लष्करातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी उचलून धरला होता. कोरेगावच्या रणस्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरलेली होती, त्यांना एका लेखणीच्या फटकाऱ्याने बिगरलढाऊ ठरवण्यात आले. गोपाळबुवा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी अर्ज लिहून दाद मागितली, पण सरकार बधले नाही. साहेबाने आणलेल्या नव्या वंशशास्त्राची आणि येथल्या जुन्या चातुर्वर्ण्याची अशी गट्टी जमली!

हा अन्याय बाबासाहेब विसरले नाहीत. १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीवर आले, महारांच्या भरतीचा आग्रह त्यांनी धरला आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. जी गोष्ट रक्तात नाही म्हणून सांगितली होती, ती संधी मिळताच दिसू लागली.

शाळेत पोत्यावर वेगळे बसणे, शिपाई आला तरच पाणी मिळणे, हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. १९०१ सालचा मसूर स्थानकावरचा प्रसंगही ठाऊक आहे. चांगले कपडे घातलेली ती मुले स्टेशनमास्तरला प्रथम ब्राह्मणाची वाटली होती. महार असल्याचे कळताच त्याचा चेहरा बदलला. येथे थांबून विचार करा. अंगाचा रंग तोच होता, नाकडोळे तेच होते, कपडे तेच होते. मग क्षणात काय बदलले? जातीचे नाव तेवढे कानावर पडले होते. बाबासाहेबांनी पुढे जे मोठमोठ्या ग्रंथांत सिद्ध केले, त्याचा पुरावा त्या दहा वर्षांच्या मुलाला फलाटावरच मिळाला होता. अस्पृश्यता डोळ्यांना दिसत नाही, ती सांगावी लागते.

न्यूयॉर्कची तीन वर्षे

१९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठ उंचावर आहे आणि त्याला लागूनच हार्लेम ही वस्ती आहे. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतला जाच सोडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे हार्लेममध्ये घर करीत होती. गुलामगिरी कायद्याने संपून पन्नास वर्षे होत आली होती, तरी दक्षिणेत त्यांच्या मुलांना वेगळी शाळा आणि आगगाडीत वेगळा डबा होता.

त्याच कोलंबियात फ्रांझ बोआस हे मानववंशशास्त्रज्ञ शिकवीत होते. गोरे श्रेष्ठ आणि काळे कनिष्ठ या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, असे ते ठामपणे मांडत. त्यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी हिंदुस्थानातील जातींवरचा आपला निबंध वाचला. आर्य, द्रविड, मंगोल, शक असे अनेक लोक या देशात आले आणि एकमेकांत मिसळून गेले. रक्ताने कोणीही शुद्ध राहिला नाही. एकच संस्कृती असलेल्या अशा मिसळलेल्या समाजाचे जातीने तुकडे केले, आणि ते तुकडे टिकवले जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीने. हा त्या निबंधाचा गाभा. युरोपीय पंडितांना त्यांच्या घरचा रंगभेद परिचित होता, म्हणून येथेही त्यांना रंगच दिसला, असे भीमरावांनी त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सुनावले.

या निबंधाचे महत्त्व कळायचे तर त्या वेळचे सरकारी शास्त्र पाहा. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी नाकांची मोजमापे घेऊन जातींची उतरंड लावली होती. नाक जितके रुंद तितका दर्जा खाली, असा त्यांचा हिशेब होता. सरकारी शिक्क्याच्या या हिशेबाला एका महार विद्यार्थ्याने परक्या देशात उभे राहून उत्तर दिले.

बडोदे आणि दौलताबाद

परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला उतरताच ती जाणीव परत आली. राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राने घरी घेण्याचे टाळले, एका ख्रिस्ती मित्रानेही टाळले. त्या दिवशी सार्वजनिक बागेत बसून त्यांनी आसवे ढाळली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

१९३४ मध्ये सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असता हौदावर हातपाय धुतले म्हणून मुसलमानांचा जमाव अंगावर धावून आला. हिंदूंना जो अस्पृश्य तो पारशांनाही अस्पृश्य, मुसलमानांनाही अस्पृश्य! धर्म वेगळा, वंश वेगळा मानला जाणारा, तरी शिवाशिवीची लागण सर्वांना झालेली. ही लागण रक्तातून येत असती तर अशी एकाकडून दुसऱ्याकडे गेली नसती. ती सवयीतून येते, आणि जी सवयीतून येते ती मोडता येते.

आता याच चरित्राची दुसरी बाजू पाहा. बडोद्यात ज्या समाजाच्या माणसांनी काठ्या उगारल्या, त्याच पारशी समाजातले नवल भथेना न्यूयॉर्कपासून बाबासाहेबांचे जिवलग मित्र होते आणि अडचणीच्या काळात पैशांसह पाठीशी उभे राहिले. बाबासाहेबांनी पारशी समाजाबद्दल कायमची अढी धरली नाही. एका माणसाचा गुन्हा त्याच्या सगळ्या जमातीच्या माथी मारणे, हेच तर जातिव्यवस्थेने आपल्याशी केले होते. तेच हत्यार त्यांनी उलटे करून वापरले नाही.

महाड ते बदलापूर

१९२७ हे साल आपल्या मनावर कोरलेले आहे. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. या दोन तारखांच्या मधला एक दिवस मात्र आपल्या भागाशी जोडलेला असूनही विस्मरणात गेला आहे. ३ मे १९२७ रोजी बाबासाहेब बदलापूरला आले होते. गावातल्या सवर्ण मंडळींनी शिवजयंतीचा उत्सव योजला होता आणि त्याच्या अध्यक्षपदी बाबासाहेबांना बोलावले होते. तारखांचा मेळ लावून पाहा! दीड महिन्यापूर्वी महाडला पाणी प्यायल्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली होती. तळे बाटले म्हणून शुद्ध करून घेण्याचा प्रकार झाला होता. आणि त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब सवर्णांच्या निमंत्रणाला मान देऊन बदलापूरच्या व्यासपीठावर बसले.

कुणी म्हणेल, हा विरोधाभास झाला. मुळीच नाही. ते बरोबरीच्या नात्याने गेले, अध्यक्ष म्हणून गेले. ओट्याखाली उभे राहायला बोलावले असते तर ते गेले नसते. मानाने हाक आली तर मानाने जायचे, आणि हक्क नाकारला तर त्याच निर्धाराने लढायचे. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात एकाच माणसाने केल्या.

महाडच्या लढ्यातले साथीदारही आठवा. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभू. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. ब्राह्मणांना चळवळीतून वगळा अशी सूचना पुढे आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या माणसाला नव्हता.

मात्र या सामंजस्याचा अर्थ गोडीगुलाबीने गप्प बसणे असा कधीच नव्हता. १९३०-३२ च्या गोलमेज परिषदांत त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र राजकीय हक्क मागितले. १९३१ च्या नोव्हेंबरात मुसलमान, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि युरोपीय प्रतिनिधींबरोबर अल्पसंख्याकांच्या करारावर सही केली. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, परंतु प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा पदरात पाडून घेतल्या. आधी हक्काची लेखी हमी, मग भाईचारा, हा त्यांचा क्रम होता.

गुरूला वंदन, पण पुराव्याला मान

आता या चरित्रातल्या सर्वांत अवघड भागाकडे येतो. येथे तुमचे-आमचे मतभेद होतील, पण वाचल्याशिवाय पान उलटू नका.

महात्मा जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना तो अर्पण केला. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या काळ्या माणसाचे दुःख आणि पुण्याच्या मांग-महाराचे दुःख एका सूत्रात गुंफणारा हा पहिला मराठी माणूस. त्या ग्रंथात जोतिरावांनी सांगितले की आर्य बाहेरून आले, त्यांनी येथल्या मूळ लोकांना जिंकले आणि शूद्र-अतिशूद्र केले. त्या काळी उपलब्ध असलेल्या विद्येच्या आधारे केलेली ती बंडाची मांडणी होती. तिने झोपलेला समाज जागा झाला.

बाबासाहेबांनी जोतिरावांना गुरू मानले. १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरचा ग्रंथ त्यांनी जोतिरावांनाच अर्पण केला. आणि त्याच ग्रंथात, लक्ष देऊन ऐका, आर्य नावाचा वेगळा वंश बाहेरून आला व त्याने येथल्यांना दास केले, हा सिद्धांत त्यांनी वेदांतील पुरावे तपासून नाकारला! शूद्रांचे पतन वंशामुळे झाले नाही, सत्तेच्या झगड्यातून आणि उपनयन नाकारल्यामुळे झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. पहिल्या पानावर गुरूला वंदन आणि आतल्या पानांत गुरूच्या मताशी मतभेद. खऱ्या शिष्याचे वर्तन याहून वेगळे काय असते?

दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ आला. त्यात त्यांनी रिस्ले यांचीच फूटपट्टी हाती घेतली. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मोजमापे मांडून दाखवली आणि निष्कर्ष काढला की एका प्रांतातला ब्राह्मण आणि त्याच प्रांतातला अस्पृश्य यांच्यात वंशाचा फरक नाही. ब्राह्मणाला वंशाचे जे नाव द्याल, तेच अस्पृश्यालाही द्यावे लागेल. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या निबंधातही हेच होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने ते भाषण होऊ दिले नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. पंजाबातला ब्राह्मण मद्रासच्या ब्राह्मणाला रक्ताने जितका जवळचा, त्याहून पंजाबातल्या चांभाराला जवळचा आहे, असा त्यांचा तेथे मुद्दा होता. मग अस्पृश्यता आली कोठून? गावाबाहेर राहणारे पांगलेले लोक बौद्ध राहिले, गोमांस खात राहिले, आणि त्याबद्दलच्या द्वेषातून त्यांना दूर लोटले गेले, असे त्यांनी मांडले. म्हणजे मूळ शोधता शोधता ते रक्तापाशी थांबले नाहीत, धर्माच्या आणि सत्तेच्या संघर्षापाशी पोहोचले.

तुम्ही विचाराल, नागपूरला नाग लोकांचा उल्लेख त्यांनीच केला ना? केला. ज्या लोकांनी बुद्धाचा धम्म देशभर पसरवला त्यांची ती कृतज्ञ आठवण होती. दीक्षेला आलेल्या माणसाचे रक्त कुणी तपासले नाही. बावीस प्रतिज्ञांत एकही प्रतिज्ञा वंशाची नाही.

दोन पत्रे

१९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी एक पत्र अमेरिकेला पाठवले. ते कृष्णवर्णीयांचे थोर नेते व विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचून बाबासाहेबांनी त्याची प्रत मागितली. हिंदुस्थानातील अस्पृश्यही तोच मार्ग चोखाळण्याचा विचार करीत आहेत, असे कळवले. ड्यू बॉईस यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस सहानुभूतीचे उत्तर धाडले. दोघांनी एकमेकांना आप्त मानले, ते कातडीच्या रंगामुळे नाही, सोसण्यातल्या साम्यामुळे. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, त्यामागेही अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचे उदाहरण होते.

दुसरे पत्र डिसेंबर १९४७ चे आहे आणि ते उल्हासनगरच्या शेजाऱ्यांनी विशेष वाचण्याजोगे आहे. ते पंतप्रधान नेहरूंना लिहिलेले आहे. फाळणीनंतर पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना, झाडूकाम व मैल्याचे काम करायला माणसे हवीत म्हणून, तेथले सरकार बाहेर पडू देत नव्हते. जे कसेबसे इकडे पोहोचले, त्यांच्यापर्यंत निर्वासितांची मदत नीट पोहोचत नव्हती. घर गेले, देश गेला, पण जात गेली नाही! याबद्दल बाबासाहेबांनी मंत्रिमंडळात असताना आपल्याच पंतप्रधानांकडे तक्रार केली. निर्वासित म्हटले की आपल्यापुढे एक लोंढा उभा राहतो. त्या लोंढ्यातही वर कोण आणि खाली कोण, हे पाहणारी नजर बाबासाहेबांची होती.

संविधानातला शब्द

१९४७ च्या मार्चमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन घटना समितीसाठी तयार केले. ते उघडून पाहा. गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेने १८६६ आणि १८७५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी जे नागरी हक्कांचे कायदे केले, त्यांचा आधार त्यात आहे. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी आहे, आणि तिला १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार आहे. जगात जेथे जेथे अनेक वंशांचे व जमातींचे लोक एकत्र राहतात, तेथली औषधे त्यांनी पारखून आणली होती. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली. बाबासाहेबांच्या निवेदनाला तोवर जवळजवळ सत्तर वर्षे उलटली होती!

ऑगस्ट १९४७ मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाचा पंधरावा अनुच्छेद काढा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्य कोणाशीही भेदभाव करणार नाही. वंश आणि जात हे दोन शब्द शेजारी आहेत, पण वेगळे आहेत. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. एकोणतिसाव्याने आपली भाषा, लिपी, संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक समूहाला दिला. या तरतुदीवर डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी दिलेले उदाहरण मोठे बोलके आहे. मद्रासकडची माणसे मुंबईत येऊन राहिली किंवा महाराष्ट्रीय माणसे बंगालमध्ये जाऊन राहिली, तर तीही तेथे सांस्कृतिक अल्पसंख्याक ठरतात आणि त्यांच्या भाषेला व संस्कृतीला संरक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांनी सभागृहाला समजावून सांगितले. कल्याण कॅम्पातल्या सिंधी माणसाचे नाव त्यांनी घेतले नाही, पण ते संरक्षण त्याच्याही घरापर्यंत पोहोचले. १९६७ मध्ये सिंधी भाषा आठव्या अनुसूचीत आली.

अल्पसंख्याकांबाबत त्यांनी दोन्ही बाजूंना बजावले होते. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांचे अस्तित्वच नाकारणे चूक, आणि अल्पसंख्याकांनी वेगळेपण कायमचे कुरवाळत बसणे हेही चूक. एक दिवस दोघे एकरूप होतील अशी वाट घटनेने ठेवली पाहिजे. मात्र त्यासाठी भेदभाव करण्याची सवय बहुसंख्याकांनी आधी सोडली पाहिजे. पहिले पाऊल कोणी टाकायचे, याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तेथे नेला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, सबब हा विषय येथे नको, अशी भारत सरकारची भूमिका होती. बाबासाहेबांचे संशोधन असे बाबासाहेबांच्याच लेकरांविरुद्ध वापरता येते, हे ध्यानात ठेवा. जातीचे मूळ रक्तात नाही एवढेच त्यांनी सांगितले. जातीची जखम वंशभेदाच्या जखमेहून उथळ आहे, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जातिभेदाचाही समावेश होतो, असे स्पष्ट केले.

धम्माची वाट

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत, आणि हजारो जातींत विभागलेले लोक अजून राष्ट्र झालेले नाहीत. कायदा भेदभावाला शिक्षा करील, पण शेजाऱ्याला मनापासून शेजारी मानायला लावणार नाही. ते काम कशाने होणार? १९५४ मध्ये आकाशवाणीवरून त्यांनी सांगितले की आपली स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी आणलेली नाहीत, ती आपण आपल्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली आहेत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात केलेली प्रतिज्ञा त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पुरी केली. एकवीस वर्षे त्यांनी धर्मांची पारख केली आणि जन्माला नव्हे तर आचरणाला मान देणारा धम्म निवडला. भगवंताच्या संघात राजपुत्रही होते, उपाली न्हावीही होता, सुनीत झाडूवालाही होता. अखेरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे मैत्रीला स्थान दिले. करुणा दुःखिताविषयी वाटते. मैत्रीला मात्र सर्व प्राणिमात्रांपर्यंत जावे लागते, जो आपला नाही त्याच्यापर्यंतही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

वाचकहो, आता पुन्हा शहाडच्या पुलावर या. घर नाकारणारा कोणी भेटला तर बाबासाहेबांचा अनुयायी काय करील? तो संविधानाचा आधार घेऊन ठामपणे हक्क मागेल. पण घरी परतल्यावर घर नाकारणाऱ्याच्या सगळ्या जमातीला शिव्या घालणार नाही. आणि आपल्या चाळीतली खोली रिकामी झाली, नवा भाडेकरू परक्या भाषेचा निघाला किंवा आपल्याहून खालचा समजल्या जाणाऱ्या पोटजातीचा निघाला, तर? बौद्ध म्हणवणाऱ्याची परीक्षा तेथे आहे. कातकऱ्याचे मूल आपल्या मुलाशेजारी जेवायला बसले तर आपल्या घरात कोण काय बोलते, ते कान देऊन ऐका.

एक छोटी सूचना करतो. या वर्षी २६ नोव्हेंबरला आपल्या विहारात संविधानाचा पंधरावा, सतरावा आणि एकोणतिसावा अनुच्छेद वाचा. शेजारच्या सिंधी, उत्तर भारतीय, आगरी कुटुंबांना बोलवा, आणि एकोणतिसावा अनुच्छेद त्यांच्यापैकीच एखाद्याला त्याच्या भाषेत वाचू द्या. पुढे ३ मे आला की बदलापूरच्या धम्मबांधवांनी १९२७ सालची ती सभा मुलांना सांगावी. आपल्या गावात बाबासाहेब अध्यक्ष म्हणून बसले होते, हे त्यांना कळू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!